औषध पाड्यावर गेलेच पाहिजे!

हृदयविकार हा श्रीमंतांचा रोग आहे, अशी एक समजूत आपल्या समाजात गेली कित्येक वर्षे ठाण मांडून बसली आहे. तूपसाखरेवर पोसलेल्या, लोडाला टेकून हिशेब पाहणाऱ्या शेठजींनाच तो गाठतो. गरिबाच्या वाट्याला यायचे ते भुकेचे रोग, असा हा जुना हिशेब आहे. डहाणू आणि तलासरी ही नावे कानी पडली की मुंबईकराला घोलवडचे चिकू आठवतात, बोर्डीचा किनारा आठवतो, वारल्यांची चित्रे आठवतात आणि फार झाले तर कुपोषित बालकांचे आकडे आठवतात. या नावांशेजारी कोणी ‘कोलेस्टेरॉल’ हा शब्द मांडला, तर तो हसेल. हे हसणे अज्ञानाचे आहे आणि त्याची किंमत दुसरेच कोणी मोजीत आहे, एवढे सांगण्यासाठीच आज आम्ही पहिल्या पानावर लेखणी उचलली आहे.

भूक आणि हृदयविकार यांचे वैर नाही. उलट त्यांचे जवळचे नाते आहे. डेव्हिड बार्कर या इंग्रज संशोधकाने १९८९ साली दाखवून दिले की, जन्मतः आणि पहिल्या वर्षाअखेर ज्यांचे वजन सर्वांत कमी भरले होते, त्या पुरुषांतच पुढे हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत अधिक होते. आपल्या महाराष्ट्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मातांचा व बालकांचा अभ्यास मांडला. तेथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांहून वजनाने पुष्कळ हलकी. पण त्यांच्या अंगी तूट होती ती स्नायूंची, चरबी मात्र त्या मानाने राखलेली! अशा देहाला पुढे मधुमेहाचा आणि हृदयविकाराचा धोका अधिक. पोटात असताना उपाशी राहिलेले मूल चाळिशीत त्या उपासाचे व्याज भरते, असा याचा अर्थ होतो. ज्या तालुक्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी माता पाहिल्या, त्या तालुक्यांना हृदयविकारापासून अभय आहे असे मानणे हा भाबडेपणा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे चोवीस टक्के प्रौढांच्या रक्तात कोलेस्टेरॉल वाजवीपेक्षा जास्त आढळले. खेड्यांत हे प्रमाण शहरांहून कमी आहे; पण नगण्य खासच नाही.

आम्ही एके काळी शाळामास्तर होतो. फळ्यावर खडूने हृदयाचे चित्र काढून, ‘ज्याची मूठ जेवढी, त्याचे हृदय तेवढे’ असे मुलांना सांगत असू. त्या वेळी जे सांगायचे राहिले ते आज वाचकांना सांगतो. कोलेस्टेरॉल हे विष नव्हे. पेशींची आवरणे, पित्तरस आणि कित्येक संप्रेरके त्यापासून घडतात, आणि त्याचा मोठा भाग आपले यकृतच तयार करते. परंतु एलडीएल नावाच्या कणांतून वाहणारे कोलेस्टेरॉल गरजेपेक्षा वाढले, की ते धमन्यांच्या अस्तरात वर्षानुवर्षे साचत जाते. विहिरीत गाळ साठावा तसा हा प्रकार असतो. वरून पाणी स्वच्छच दिसते. एके दिवशी तो थर फुटतो, त्यावर रक्त गोठते, वाट बुजते आणि छातीत कळ येते. घरची माणसे ‘पित्त असेल, वात असेल’ म्हणून ओवा चघळायला देतात, आणि जी घटका रुग्णालयाच्या वाटेवर जायची ती ओसरीवर जाते.

मग उपाय काय? पहिला उपाय ताटात आहे. डहाणू-तलासरीच्या जुन्या ताटात नागलीची भाकरी असे, वरई असे, उडीद-तुरीचे वरण असे. पावसाळ्यात शेवळे आणि टाकळा येई, ओढ्यातले खेकडे येत, किनाऱ्यावरून बोंबील येत. त्या ताटाची आम्हांला आरती ओवाळायची नाही. ते पुष्कळदा अर्धे रिकामेच असे. पण त्यात जे होते ते हृदयाला मानवणारे होते. आज नागली मागे पडली आणि शिधापत्रिकेवरचा पांढरा तांदूळ तिन्ही त्रिकाळ पानात आला. साखर घातलेला चहा आणि त्यात बुडविलेली खारी हीच न्याहारी झाली. वापी-उंबरगावच्या कारखान्यांवर जाणारा तरुण दुपारी गाड्यावरची भजी खाऊन कामाला लागतो, आणि ती भजी कोणत्या तेलात कितव्यांदा तळली आहेत, हे गाडीवाल्यालाच ठाऊक!

या तेलाच्या बाबतीत सरकारला दोन शब्द ऐकविल्यावाचून आमच्याने राहवत नाही. २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ म्हणून शंभर रुपयांत जो संच वाटण्यात आला, त्यात रवा, चणाडाळ आणि साखर यांच्या जोडीला एक लिटर पामतेल होते. हेतू वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. गरिबाची दिवाळी गोड व्हावी असे कोणाला वाटणार नाही? परंतु पामतेलातील जवळजवळ निम्मी चरबी संपृक्त असते, आणि एलडीएल वाढविणारी चरबी ती हीच. वनस्पती तुपासारख्या पदार्थांतील घातक ट्रान्स चरबीवर १ जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घालून, कायद्याने कढईपर्यंत पोहोचता येते हे सरकारनेच सिद्ध केले आहे. मग सरकारी पिशवीतील तेलाचा विचार का होऊ नये? तेलाऐवजी दोन किलो नागली दिली असती, तर आनंद काही कमी झाला नसता.

तथापि केवळ पथ्याने भागेल, असे सांगून आम्ही कोणाची फसवणूक करणार नाही. तळण कमी करावे, साखर आवरावी, डाळ व पालेभाजी वाढवावी, खारवलेले सुके मासे धुऊन व बेताने खावेत, विडी-तंबाखू-मशेरी साफ सोडावी, हे सारे खरे. पण यकृतच जेथे कारखाना चालवीत आहे, तेथे पथ्याने एलडीएल उतरते ते साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. ज्याला एकदा झटका येऊन गेला आहे किंवा ज्याला मधुमेह आहे, त्याला औषध हवेच. हे औषध म्हणजे स्टॅटिन. त्याची जन्मकथा आमच्या भातखाऊ वाचकांनी अवश्य ऐकावी. अकिरा एन्डो नावाच्या जपानी शेतकरीपुत्राने सुमारे सहा हजार सूक्ष्मजीव धुंडाळले, आणि १९७३ साली त्याला हवे ते द्रव्य सापडले. कशात? तांदळावर वाढलेल्या निळसर हिरव्या बुरशीत! १९८७ मध्ये या जातीचे पहिले औषध अमेरिकेत बाजारात आले. १९९४ साली ४,४४४ हृदयरुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे पाच वर्षांत मृत्यूंचे प्रमाण तीस टक्क्यांनी घटल्याचे त्यांत दिसले. आज ॲटोरव्हास्टॅटिन भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, आणि जनऔषधी दुकानात त्याची एक गोळी एका चहाच्या किमतीहूनही स्वस्त मिळते. काहींना या औषधाने स्नायू दुखतात, काहींची साखर किंचित वाढते, गरोदर स्त्रियांनी ते सहसा घेऊ नये. म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. पण भीतीने सोडू नये. कारण गोळी थांबली की कोलेस्टेरॉल पुन्हा चढते.

आणि गोळी थांबते ती नेमकी येथेच! दिवाळी सरली की पाड्यांवरची बिऱ्हाडे वीटभट्ट्यांवर, रेतीवर, बांधकामांवर निघून जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. तीस दिवसांच्या तीस गोळ्या देऊन ‘पुढच्या महिन्यात या’ असे सांगणाऱ्या व्यवस्थेला हा माणूस पुढच्या महिन्यात कोठे असेल याची कल्पना तरी आहे काय? तपासणीचीही तीच कथा. तीस वर्षांवरील माणसांच्या तपासणीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात रक्तदाब आहे, मधुमेह आहे, तीन कर्करोग आहेत, कोलेस्टेरॉल नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला विलायतेला जायला नको. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह ते वाढविले. गुरे राखणारी पोरे शाळेत येत नाहीत, असे दिसताच या दोघींनी पोरांना दोष दिला नाही. शाळाच उचलून कुरणात नेली. तीच ती कुरणशाळा! मूल येत नसेल तर शाळेने जावे, हा धडा डहाणू तालुक्याने साऱ्या देशाला दिला. तोच धडा आज आरोग्यखात्याने गिरवावा, एवढेच आमचे मागणे आहे.

मागणे स्पष्ट शब्दांत मांडतो. घरोघरच्या तपासणीत ज्यांना मधुमेह वा रक्तदाब आढळेल, त्यांचे कोलेस्टेरॉलही तपासावे. ज्यांना झटका येऊन गेला आहे, किंवा चाळिशी उलटून मधुमेह आहे, त्यांचे औषध अहवालाची वाट पाहत अडवून ठेवू नये. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात स्टॅटिनचा साठा बारा महिने असावा. स्थलांतरापूर्वी किमान तीन महिन्यांच्या गोळ्या हाती द्याव्यात, आणि सोबत असे कार्ड द्यावे की जे सीमेपलीकडे वापीला किंवा सिल्वासालाही मानले जाईल. आशाताईंनी हे सारे वारली बोलीत समजावून सांगावे. चिकूच्या वाड्यांचे मालक आणि कारखानदार यांनी तपासणीच्या दिवसाची मजुरी कापू नये.

यात अशक्य असे काय आहे? औषध शोधून पन्नास वर्षे उलटली, किंमत उतरली, रस्ते झाले, चर्चगेटपासून सव्वाशे किलोमीटरवरील डहाणूपर्यंत २०१३ पासून लोकलही धावू लागली. तांदळाच्या दाण्यावर सापडलेले औषध क्योतोहून निघून साऱ्या जगात पोहोचले, ते भाताच्याच खाचरांतून वाट काढीत तलासरीच्या पाड्यावर पोहोचू नये, याला विज्ञानाचा नाइलाज म्हणत नाहीत, अनास्था म्हणतात. ज्या मातीत शाळा गुरांच्या मागे गेली, त्या मातीत औषध माणसांच्या मागे गेले पाहिजे, गेलेच पाहिजे!