पाहुण्यांची सुटी, घरच्यांची रजा

डिसेंबर महिना लागला की धाराशिव जिल्ह्यातील अनेक घरांत एकाच विषयाची चर्चा सुरू होते. परदेशी असलेला मुलगा यंदा येणार की नाही, आला तर किती दिवसांसाठी, आणि त्या दिवसांतले गावाच्या वाट्याला किती येणार? एका पिढीपूर्वी या जिल्ह्यातील शिकलेला तरुण सोलापूर, पुणे, मुंबई, किंवा जुन्या राजवटीपासूनच्या सवयीने हैदराबाद गाठी आणि दिवाळीला एस. टी.ने घरी परते. आता त्याच्याच मुलाची मजल न्यू जर्सी-टेक्सासपर्यंत, लंडन-दुबईपर्यंत गेली आहे. अंतर वाढले, त्याचा फारसा बाऊ करण्याचे कारण नाही, विमाने आहेत. परंतु अंतराबरोबर पंचांगही बदलले, ही गोष्ट मात्र घरच्यांच्या अजून पुरती ध्यानात आलेली नाही.

दिवाळीला मुलाने यावे ही आईची अपेक्षा स्वाभाविक आहे. पण दिवाळी ज्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते, त्या काळात तिकडच्या कचेऱ्या व शाळा ऐन भरात असतात. तिकडे दिवाळीला मान मिळू लागला आहे, हे खरे. न्यूयॉर्क शहरातील सरकारी शाळांना २०२४ साली प्रथमच दिवाळीची सुटी मिळाली आणि कॅलिफोर्निया राज्याने २०२५ मध्ये दिवाळीला आपल्या सुट्यांत स्थान दिले. या बातम्या इकडे मोठ्या अभिमानाने वाचल्या गेल्या. मात्र त्या एका दिवसाच्या सुटीने कोणी धाराशिवला पोचत नाही. उलट, दिवाळी तिकडेच सुखाने साजरी करता यावी, एवढीच सोय तिने होते. त्यांच्या शाळांची मोठी सुटी जून ते ऑगस्ट असते, आपल्या शाळा जूनच्या मध्यास सुरू होतात आणि शेतकऱ्याच्या घरी तेव्हा पेरणीची घाई असते. उरतो तो नाताळ. म्हणजे पौष महिन्याच्या मागचे-पुढचे पंधरा दिवस.

आता योगायोग असा, की याच दिवसांत या जिल्ह्याचे स्वतःचे सण येतात. मार्गशीर्षातील वेळ अमावस्या, जिला गावोगाव ‘येळवस’ म्हणतात, ती पुण्या-मुंबईकडील माणसाला नावानेही ठाऊक नसते. २०२२ साली ती २३ डिसेंबरला आली, २०२४ साली ३० डिसेंबरला. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शिवार भरून जाते. कडब्याची कोप उभारायची, तीत पाच पांडव मांडून पूजा करायची, आणि मग भज्जी, उंडे, आंबील, गव्हाची खीर असे जेवण ज्याला शेत नाही त्यालाही आग्रहाने बोलावून वाढायचे, असा हा सण आहे. त्यापाठोपाठ तुळजापुरास शाकंभरी नवरात्र बसते. पौष पौर्णिमेला नळदुर्गला खंडोबाची यात्रा भरते. २०२६ साली ही पौर्णिमा ३ जानेवारीस आली. हुरड्याचे दिवसही हेच. जो अश्विनातल्या नवरात्राला येऊ शकला नाही, त्याच्यासाठी देवीने दुसरे नवरात्र राखून ठेवले आहे असे एखाद्या श्रद्धाळू आजीने म्हटले, तर तिच्याशी वाद घालण्याचे कारण नाही.

असे असूनही ही सुटी प्रत्यक्षात कशी जाते? तीन आठवड्यांपैकी पहिला आठवडा झोपेचे गणित जुळविण्यात आणि पुण्यातील सदनिकेत जातो. कारण मुलांना तिथे बरे वाटते, सासुरवाडीही बहुधा तिथेच असते. म्हातारे आई-वडीलच मग गावाहून पुण्यास येतात, नातवंडांना पाहतात आणि त्या सदनिकेत स्वतःच पाहुण्यासारखे बसतात. पुढे दोन दिवस तुळजापूर : अभिषेक, ओटी, गोंधळ. उरलेल्या दिवसांत बँक, सातबारा, वारसनोंद, दातांचा डॉक्टर, दोन लग्ने आणि ज्यांच्याकडे गेले नाही तर राग येईल अशी अकरा घरे. गावच्या घरात एकूण मुक्काम तीन रात्रींचा. येळवशीच्या दिवशी हा मुलगा शेतात हजर असला तरी मोबाइलवर छायाचित्रे काढून लगेच निघतो. एवढ्यासाठी वर्षभर वाट पाहिली जाते.

तथापि या सुटीविषयी जी तक्रार नेहमी ऐकू येते, ती आई-वडिलांच्या वतीने असते. ज्याच्या वतीने कोणीच बोलत नाही, तो घरी राहिलेला भाऊ. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असतो, तहसिलात लिपिक असतो किंवा शेतीच पाहत असतो. वडिलांचा रक्तदाब, आईचे गुडघे, पाण्याचा टँकर, पीकविमा, भाऊबंदकीतला बांध हे सारे त्याच्या अंगावर असते. त्याची नैमित्तिक रजा वर्षाकाठी वडिलांना सोलापूरला किंवा लातूरला तपासणीस नेण्यात संपते. अर्जित रजा शस्त्रक्रियेसाठी राखून ठेवावी लागते. आणि कित्येक घरी हा भाऊ नसतो, बहीण असते. तिच्या कष्टांची तर मोजदादच होत नाही.

परदेशस्थ भावाची सुटी सुरू होते, तेव्हा या घरच्या माणसाच्या कामात भर पडते. गाडी ठरविणे, रांग टाळण्याची खटपट करणे, बाटलीबंद पाणी आणून ठेवणे, घरातली एक खोली रिकामी करून देणे हे त्याच्याकडे. त्याची बायको पहाटे चारला उठून येळवशीचा स्वयंपाक करते, आणि तिची जाऊ पाहुणी म्हणून कोपीत बसते. बोलणे गोडीगुलाबीचे असते, भेटवस्तूही येतात. पण आठ दिवसांसाठी आलेला भाऊ वडिलांच्या औषधांची यादी पाहून ‘हे डॉक्टर बदलायला हवेत’ असे सहज म्हणून जातो, तेव्हा घरी राहिलेल्याच्या मनात जे उमटते ते तो बोलून दाखवीत नाही. वाटणीच्या वेळी मात्र ते बाहेर पडते, आणि मग लोक म्हणतात, एवढे चांगले भाऊ, कशाने बिनसले?

घर धरून बसणाऱ्याचे मोल या जिल्ह्याला नव्याने सांगण्याची गरज नसावी. कळंब, वाशी, भूम, परंडा या तालुक्यांतून हजारो जोडपी दरवर्षी ऊसतोडीला बाहेर पडतात; घराला कुलूप लागत नाही ते मागे राहिलेल्या आजी-आजोबांमुळे. हंगाम आटोपून परतल्यावर चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याची येडेश्वरीची यात्रा गाठायची, असा त्यांचा क्रम असतो. कोयता घेऊन निघालेला आणि पासपोर्ट घेऊन निघालेला यांच्या कमाईत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मागे राहणाऱ्याच्या कामात तो फरक फारसा नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात हे फारच स्पष्ट झाले. १९ सप्टेंबरला अमेरिकेच्या अध्यक्षांनी एच-१बी परवान्याच्या अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. हे शुल्क फक्त नव्या अर्जांना आहे हा खुलासा होईपर्यंत इतका गोंधळ उडाला की, भारताकडे निघालेल्या विमानात बसलेली माणसे खाली उतरली. तीनच दिवसांनी घटस्थापना होती. त्याच दिवसांत इकडे परंडा, भूम परिसरात अतिवृष्टीने हाहाकार केला. सीनेच्या काठची गावे पाण्याने वेढली, जनावरे वाहून गेली, शेतातली मातीसुद्धा खरवडून गेली. त्या रात्री परदेशातील मुले फोनला चिकटून होती, त्यांच्या काळजीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु म्हाताऱ्यांना हाताला धरून उंचावर नेणारे हात गावातच होते. पुढे डिसेंबरात परवान्याच्या छाननीचे नियम आणखी कडक झाले, भारतातील वकिलातींनी मुलाखती महिनोन् महिने पुढे ढकलल्या आणि सुटीवर आलेले अनेकजण इकडेच अडकले. तेव्हा पुढच्या वर्षी येऊच, असे खात्रीने म्हणण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. जी सुटी हाती आहे, तिचा विनियोग विचाराने व्हावयास हवा तो यासाठीच.

विनियोग कसा, याचे एक उत्तर साधे आहे. परदेशी भावाची सुटी ही घरच्या भावाची रजा ठरावी. तीन आठवड्यांतील दहा दिवस त्याने पुणे, खरेदी आणि लग्ने बाजूला ठेवून गावच्या घरात राहावे. आणि ते दहा दिवस घरच्या भावाने बायको-मुलांसह कोठेही जावे. कोकणात जावे, किंवा तिच्या माहेरी जावे, जिथे ती कित्येक वर्षांत चार दिवस सलग राहिलेली नसते. शिक्षकाला डिसेंबरात रजा मिळणे कठीण, हा आक्षेप बरोबर आहे. तसे असेल तर त्याने निदान संध्याकाळी निश्चिंतपणे बाहेर पडावे, आणि मुलाबाळांची मोठी सफर जूनच्या पहिल्या पंधरवड्यासाठी राखावी, जेव्हा दोन्हीकडच्या सुट्या थोड्याफार एकमेकींवर येतात. दहा दिवस वडिलांना उठविणे-बसविणे, रात्री दोनदा जागे होणे, टँकरची वाट पाहणे हे ज्याने केले, तो डॉक्टर बदलण्याचा सल्ला देईल तेव्हा त्याला काही अर्थ असेल.

यावर असे म्हटले जाते की, तो पैसे पाठवितो, घर त्यानेच बांधून दिले. ते नाकारता येत नाही, आणि पुष्कळ घरांत या पैशानेच औषधपाणी चालते. मात्र पैशाने माणूस ठेवता येतो, घरच्याला सुटका मिळतेच असे नाही. ठेवलेल्या माणसावरही कोणाला तरी लक्ष ठेवावेच लागते. दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे : इतक्या दुरून आलेल्या मुलाला आई कामाला लावणार नाही. बरोबर, म्हणूनच हे आईवर सोपवू नये, दोघा भावांनी आधी आपसांत ठरवावे. आई-वडिलांनाच सहा महिने तिकडे न्यावे, हा तिसरा उपाय काही घरांनी करून पाहिला आहे. त्याने घरच्या भावाला श्वास घेता येतो, हे खरे. पण बर्फाच्या दिवसांत चार भिंतींत बसलेल्या म्हाताऱ्याला शिवार आठवते, आणि तो परतीच्या तिकिटाची तारीख मोजू लागतो.

आपसांत ठरविण्याची बाब या जिल्ह्यात देवाच्या बाबतीतसुद्धा चुकलेली नाही. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांचा खंडोबा एकच. तो वर्षातले सव्वादहा महिने अणदूरला असतो आणि उरलेले पावणेदोन महिने नळदुर्गला. नेताना आणि आणताना दोन्ही गावच्या मंडळींत लेखी करार होतो. देव आपला म्हणून हक्क सांगणारी दोन गावे केव्हा, किती दिवस, कोणाकडे हे कागदावर लिहून मोकळी होतात, आणि यात्रेला दोन्हीकडची माणसे असतात. भावाभावांत असा कागद करणे अनेकांना कोरडेपणाचे वाटेल. वाटणीचा कागद मात्र तेच भाऊ मुद्रांक लावून करतात.

डिसेंबरची विमानाची तिकिटे आषाढ-श्रावणातच काढावी लागतात, नंतर दर भडकतात. तेव्हा बोलणी दिवाळीच्या फोनवर करून उपयोग नाही. पेरण्या आटोपून घरचा माणूस जरा मोकळा होतो, त्या आठवड्यात ती व्हावीत. आणि त्या वेळी पहिला प्रश्न ‘तू केव्हा येतोस’ हा नसावा, तर तिकडच्याने ‘तुला केव्हा जायचे आहे’ असे विचारावे.