चालण्याआधी श्वास पाहा

सेरेब्रल पाल्सी असलेल्या लेकराबद्दल वस्तीत बोलणे निघाले की पहिला प्रश्न ठरलेला, "चालेल कधी?" हातापायांची मालिश होते, बुटांची चौकशी होते. श्वास कसा चालतो, हे कुणी विचारत नाही. आमच्या मते चूक इथेच होते.

जन्माआधी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच वाढत्या मेंदूला झालेली इजा म्हणजे हा आजार. तो मागल्या जन्माचा भोग नाही. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नीट पोहोचत नाही, म्हणून जसे पाय ताठतात तसे छाती-पोटाचे स्नायूही ताठ किंवा कमजोर राहतात. श्वास उथळ होतो, खोकल्यात जोर नसतो, कफ साचतो. घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो. अशी कितीतरी लेकरे छातीच्या आजारानेच दगावतात.

श्वासाच्या व्यायामाने मेंदूची इजा भरत नाही, पण छातीला बळ येते. समजणाऱ्या लेकराला समोर बसवून साबणाचे फुगे उडवू द्या, पिपाणी वाजवू द्या, ताटातला कापसाचा बोळा फुंकरीने ढकलू द्या. गाणे म्हणणे हाही व्यायामच. दमले की थांबा. ज्याला सांगितलेले कळत नाही, त्याला कसे बसवायचे, कूस कशी बदलायची, कफ कसा मोकळा करायचा, हे फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. आडवे ठेवून भरवू नका. चूल आणि अगरबत्तीच्या धुरापासून दूर ठेवा. टीव्हीवर पाहून कपालभाती करून घेऊ नका. जोरजोरात श्वास घेतल्याने झटके येणाऱ्या लेकराला झटका येऊ शकतो. ताप, घरघर किंवा ओठ निळे दिसले तर व्यायाम नको, तडक दवाखाना गाठा.

कुणी म्हणेल, घरीच करायचे तर दवाखाना कशाला? कारण प्रत्येक लेकराची छाती आणि गिळणे वेगळे असते. ते आधी जाणकाराने तपासायला हवे. पण उमरखेडहून यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शंभराहून अधिक किलोमीटर. कापूस वेचणीच्या दिवसांत रोजी बुडवून आईने किती खेपा घालायच्या? म्हणून आमची मागणी साधी आहे: व्यायाम एकदा नीट शिकवा आणि पुढची तपासणी तालुक्यातच करा.

आपणही मागायला शिकू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायचे असते. लेकराला लपवू नका, पुढे न्या आणि म्हणा, "याचा श्वास आणि गिळणे तपासा." २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार नोंदलेला आहे. 'निरामय' विमा योजनेत अशा लेकरांच्या उपचारासाठी वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत सोय आहे. हे हक्काचे आहे, उपकार नव्हे.

आणि शेजाऱ्यांनो, रोज दहा मिनिटे त्या लेकरासमोर बसून फुगे उडवा. तेवढा वेळ त्याच्या आईलाही मोकळा श्वास घेता येईल.