पोटातली चोरवाट



आपल्या वस्त्यांतून पोटदुखीला कुणी आजार मानतच नाही. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येते, पाठीत-खांद्यात भरते. ओवा चावायचा आणि कामावर जायचे. आपल्या माय-भगिनी तर कळ दाबून घरादाराचे करीत राहतात. काही घरांत अजूनही अंगारा लावतात. पण पित्ताशयात खडा असेल तर तो अंगाऱ्याने विरघळत नाही.

खडा वर्षानुवर्षे राहिला, पित्ताशय वारंवार सुजले, तर ते शेजारच्या आतड्याला चिकटते. क्वचित मधली भिंत झिजून पित्ताशय व मोठे आतडे यांच्यात चोरवाट पडते. डॉक्टर तिला फिस्टुला म्हणतात. मग पित्त लहान आतड्याला टाळून थेट मोठ्या आतड्यात उतरते. जुलाब थांबत नाहीत, वजन घटते. आतड्यातले जंतू पित्तनलिकेत चढले तर थंडी-ताप, कावीळ होते. पुष्कळदा ही वाट ऑपरेशन करतानाच सापडते.

उपाय एकच. दोन्ही अवयव सोडवायचे, आतड्याचे भोक शिवायचे, पित्ताशय काढायचे. काम नाजूक, म्हणून दुर्बिणीने सुरू केलेल्या ऑपरेशनातही कधी पोट उघडावे लागते. आता काही मोठ्या रुग्णालयांत ते रोबोटच्या साहाय्याने करतात. रोबोट आपल्या मनाने कापीत नाही. सर्जनच यंत्रापाशी बसून त्याला चालवतो. त्याला आतले चित्र मोठे व स्पष्ट दिसते, हत्यारे मनगटासारखी वळतात.

पण यंत्र नाही म्हणून ऑपरेशन टाळू नका. अनुभवी सर्जन पोट उघडूनही हे काम करतो. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढले. ती विद्या सरकारी रुग्णालयातून गरिबांपर्यंत गेली. रोबोटही तसाच सरकारी रुग्णालयांतून गरिबांपर्यंत यावा, ही आपली मागणी हवी.

धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखणे बंधनकारक आहे. उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली ही योजना आहे. रेशनकार्ड व तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा. रोबोटचा खर्च त्यात बसतो का, हे आधी लेखी विचारा. दाद मिळाली नाही तर धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करा. ही भीक नव्हे, हक्क आहे.

तथागतांनी आजारी भिक्खूची सेवा स्वतः केली. आपण निदान घरातल्या आईला, बहिणीला विचारू या, "पोटात दुखतं का?" आणि हो म्हटले, तर सोनोग्राफीला घेऊन जाऊ या.

जयभीम!