कापलेलें गवत

क्रीडांगणावरील गवत मुळाशीं खरडून काढलें म्हणजे तें पुन्हां येत नाहीं, असा आमच्या कांहीं विद्यार्थ्यांचा समज आहे. पंधरा दिवसांनीं तें पुन्हां हिरवें झालेलें पाहून त्यांस नवल वाटतें. उलट पालकमंडळी म्हणतात, गवतच तें, कितीहि कापा, यावयाचेंच! आम्हांस हे दोन्ही समज चुकीचे वाटतात, आणि दुसरा अधिक घातक वाटतो.

गवताचें पातें बुडाकडून वाढतें, आणि नवे फुटवे ज्या डोळ्यांतून निघतात ते भूमीलगत दडलेले असतात. म्हणून गाईनें शेंडा ओढला तरी खालून पातें वर सरकतें. पण तें कशाच्या बळावर? उरलेल्या हिरव्या भागाच्या, आणि बुडांत व मुळांत सांठविलेल्या अन्नाच्या. हें एक कर्जच आहे. नवीन पातें मोठें होऊन तें फेडतें. फेड होण्यापूर्वींच पुन्हां विळा लागला तर ठोंब खंगत जातो. अमेरिकेंत क्रायडर यांनीं या विषयावरील आपले प्रयोग १९५५ सालीं प्रसिद्ध केले. निम्म्याहून कमी पाला काढला असतां मुळांची वाढ थांबली नाहीं. शेंकडा ऐंशी पाला काढला तेव्हां ती कित्येक दिवस बंद पडली. मुळें डोळ्यांस दिसत नाहींत, म्हणून हें नुकसान कोणी हिशेबांत धरीत नाहीं.

आतां पावसाकडे पाहूं. मध्य भारतांत १९५० पासून अतिवृष्टीचे प्रसंग वाढत गेले आहेत. चार दिवसांत धो धो, आणि मग लांबलचक उघडीप! श्रावणांत बुडापर्यंत कापलेल्या मारवेलीस पूर्वीं पुढच्या सरींचा भरंवसा असे. आज तिनें सांठा खर्चून पातीं काढावीं आणि पावसानें पाठ फिरवावी, असें घडूं शकतें. देशावरच्या माळावर मारवेल, पवना यांसारखीं गोड गवतें अशा मारानें विरळ होतात आणि कुसळी माजते. मेंढरांच्या लोकरींत व कातड्यांत तिचीं कुसळें कशीं शिरतात, हें धनगराच्या मुलास आम्हीं शिकवावयास नको.

ज्यांच्या दावणीस उपाशी जनावर आहे त्यांस आम्ही दोष देत नाहीं. परंतु चार बोटें बुंधा राखून कापण्यास पैसा लागत नाहीं. पाऊस उघडला असतां विळा खुंटीस अडकवावा. कुरणाचे भाग पाडून एक भाग दरसाल बीं झडेपर्यंत राखावा. आश्विन-कार्तिकांतील कापणीची जुनी चाल कांहीं वेडेपणाची नव्हती.

यंदा आमच्या आग्रहावरून कुंपणालगतची एक पट्टी न कापतां ठेवली आहे. तींत चेंडू हरवतो, अशी क्रीडाशिक्षकांची तक्रार आहे, आणि ती खोटी नाहीं.