गोरेपणाची डबी घेण्याआधी



लग्नसराई जवळ आली, की गावोगावची मंडळी खरेदीसाठी नागपूरला सीताबर्डीवर नि इतवारीत जातात. साड्या, बांगड्या घेऊन झाल्या, की नवरीसाठी एक लहानशी डबीही पिशवीत पडते. डबीवर गोरा मुखडा छापलेला असतो. विकणारा म्हणतो, “पंधरा दिवसांत फरक बघा!” हा फरक पडतो कशाने, हे मात्र कुणी विचारीत नाही. आज तेच पाहू.

गोष्ट आपल्या विदर्भातलीच आहे. अकोल्याची एक तरुण मुलगी, तिची आई आणि बहीण, अशा तिघी ब्यूटी पार्लरमधून घेतलेले गोरेपणाचे क्रीम लावीत होत्या. पुढे तिघींच्याही मूत्रपिंडांना अपाय झाला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात शोध घेतला, तेव्हा त्या क्रीममध्ये पारा निघाला. २०२३ साली ही हकीकत वर्तमानपत्रांत आली.

पारा कातडीतला रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळ दिसतो. पण तो कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. नकळत आलेला अंशसुद्धा दहा लाख भागांत १ भागाहून अधिक चालत नाही.

दुसरा धोका स्टेरॉइडच्या मलमांचा. गजकर्णावर किंवा काळ्या डागांवर दुकानातून असे मलम आणून लावतात. खाज चटकन थांबते, चेहरा उजळतो. पण गजकर्ण आतून पसरत जाते. चेहऱ्याची कातडी पातळ होते, लाल पडते, पुटकुळ्या येतात, लव वाढते. बिटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावे ट्यूबवर दिसली, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती लावू नका. आणि लावीत असाल, तर एकदम बंद न करता आधी डॉक्टरांना दाखवा.

बियाण्याची पिशवी घेताना घरधनी लॉट नंबर पाहतात, मुदत पाहतात, पक्की पावती मागतात. डबीलाही हाच नियम लावा. तिच्यावर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत आणि आतल्या पदार्थांची यादी हवी. माल परदेशी असेल, तर आयात करणाऱ्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. यांतले काही नसेल, तर डबी तिथेच ठेवा. ‘आयुर्वेदिक’, ‘हर्बल’ या शब्दांवर भुलू नका. शब्द छापायला पैसे पडत नाहीत.

मग चेहऱ्याला लावावे तरी काय? उन्हातान्हात निंदणीला, कापूस वेचायला जाताना डोक्यावरून पदर नि अंगात पूर्ण बाह्यांचे कापड, हे पहिले औषध. भेगाळलेल्या टाचांना रात्री पाय धुऊन व्हॅसलीन पुरते. नवे क्रीम आणलेच, तर आधी काही दिवस कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून पाहा. खाज किंवा लाली आली, तर ते आपल्यासाठी नाही. चट्टे, डाग हटत नसतील, तर नागपूरच्या मेडिकलमध्ये किंवा मेयोत त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि सासूबाईंनो, एक विनंती. आपल्या काळ्या कसदार रानाचे कौतुक आपणच करतो. तेवढेच कौतुक घरात येणाऱ्या सावळ्या सुनेचेही करा. मग कितीतरी डब्या दुकानातच राहतील.