जपून घेतले, जपूनच टाकावे

साधुजीवनातील पाच समित्यांमध्ये पाचवी उत्सर्ग समिती. तिलाच पारिष्ठापनिका समिती असेही म्हणतात. नको झालेली वस्तू कोठे टाकावी, त्या जागी जीव आहेत काय, पुढे तिच्यापासून कोणाला पीडा होईल काय, हे पाहूनच साधू-साध्वी तिचा त्याग करतात. गृहस्थाला हा आचार तितक्या काटेकोरपणे पाळता येत नाही. परंतु घरातील एका वस्तूबाबत तरी हाच विवेक त्यानेही बाळगावयास हवा. ती वस्तू म्हणजे उरलेले वा मुदत संपलेले औषध.

दुकानातील मालाचा हिशोब व्यापारी घरांत चोख असतो. औषध विक्रेत्याकडचा मुदत संपलेला मालही सामान्यतः घाऊक विक्रेत्यामार्फत कंपनीकडे परत जातो. घरात आलेल्या औषधाला मात्र असा परतीचा रस्ता नसतो. ते कपाटात पडून राहते आणि दिवाळीच्या साफसफाईत कचऱ्यात, मोरीत किंवा परसातल्या जाळात जाते.

औषधाचे काम रोग्याच्या शरीरापाशी संपत नाही, याची साक्ष रायगड जिल्ह्यातच आहे. म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या रानात पांढऱ्या पाठीची गिधाडे उंच झाडांवर घरटी करतात. एकेकाळी देशभर असंख्य असलेली ही जात १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण होते डायक्लोफेनॅक, म्हणजे माणसाच्या सांधेदुखीवर सर्रास दिले जाणारे वेदनाशामक. ते आजारी गुरांना टोचले जाई. जनावर मेले की औषधाचा अंश मांसात राही आणि ते खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. २००४ मध्ये हा कार्यकारणभाव सिद्ध झाला. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात राहिल्या; म्हणून २०१५ मध्ये ती कुपी एका मात्रेपुरती, ३ मिलिलिटरची करण्यात आली. चिरगावची गिधाडे टिकली, त्यामागे वन विभाग आणि महाडची ‘सीस्केप’ संस्था यांचे दीर्घ परिश्रम आहेत.

यातून पहिला नियम निघतो. घरात उरलेली वेदनाशामके गोठ्यातील वा पांजरापोळातील जनावरांना देऊ नयेत. हेतू दयेचा असला तरी परिणाम हिंसेचा होतो. पशुवैद्य सांगेल तेच औषध द्यावे. गिधाडांना अपाय न करणारे मेलॉक्सिकॅम उपलब्ध आहे.

दुसरा नियम पाण्याचा. रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन येथील नारळी-पोफळीच्या वाड्यांत विहीर आणि शोषखड्डा पुष्कळदा एकाच आवारात असतात. कोकणचा जांभा सच्छिद्र, पाऊस मुबलक. शौचालयात ओतलेले सिरप वा विरघळवलेल्या गोळ्या जमिनीत मुरून पाण्यापर्यंत पोहोचू शकतात. प्रतिजैविके अशी पसरली की त्यांना दाद न देणारे जंतू वाढीस लागतात. अपवाद थोड्या औषधांचा. ट्रामाडॉल, फेंटानिल यांसारखी तीव्र औषधे चुकून कोणाच्या पोटात गेली तर प्राणघातक ठरू शकतात. म्हणून केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ च्या मार्गदर्शिकेत अशी १७ औषधे पाण्यात सोडून देण्यास सांगितले आहे. आपले औषध त्यांत आहे काय, हे फार्मासिस्टला विचारावे.

मग बाकीच्या औषधांचे काय करावे? २०१६ च्या घनकचरा नियमांनी मुदतबाह्य औषधांची गणना घरगुती घातक कचऱ्यात केली. नगरपरिषद वा ग्रामपंचायत हा कचरा वेगळा घेत असेल तर तेथेच द्यावा. तशी सोय नसेल तर गोळ्या वेष्टनातून काढून माती किंवा राखेत मिसळाव्यात, झाकणाच्या डब्यात घट्ट बंद कराव्यात आणि डब्यावर ‘मुदतबाह्य औषधे’ असे लिहून तो सुक्या कचऱ्याबरोबर सफाई कर्मचाऱ्याच्या हाती द्यावा. खरकट्यात मिसळू नयेत; उकिरड्यावर चरणारी गाय पिशवीसकट ते गिळते. सुया जाड, न टोचणाऱ्या डब्यात वेगळ्या ठेवाव्यात. परसात काहीही जाळू नये. दम्याच्या फवाऱ्याची डबी तर आगीत फुटते.

औषधदान करतानाही सावध असावे. न फोडलेली, मुदत शिल्लक असलेली औषधे धर्मादाय दवाखान्याने डॉक्टरांकडून तपासून घेतली तर ते दान सार्थ होते. कापलेल्या, तारीख गेलेल्या पट्ट्या गरिबाच्या झोळीत टाकणे म्हणजे आपला कचरा त्याच्या घरी पोहोचवणे होय.

केरळ शासनाने २०२५ मध्ये कोझिकोड येथे ‘एन-प्राउड’ योजनेतून घरोघरची जुनी औषधे गोळा करून शास्त्रीय पद्धतीने नष्ट करण्यास प्रारंभ केला. रायगड जिल्ह्यातच तळोजा येथे घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीचे केंद्र आहे; उणीव आहे ती घरापासून तेथपर्यंत नेणाऱ्या साखळीची. किनाऱ्यावरील संघांनी आणि औषध विक्रेत्यांनी स्थानिक नगरपरिषदेला सोबत घेऊन वर्षातून दोनदा संकलनाचा दिवस ठरवला, तर तिचा पहिला दुवा सहज जोडता येईल. चातुर्मासापूर्वीची साफसफाई हा त्यासाठी योग्य मुहूर्त.