मेन्यूकार्डावर गावाचं नाव

येत्या काळात हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर पदार्थाबरोबर गावाचं नावही दिसेल, अशी चिन्हं आहेत. मंगळवेढ्याची ज्वारी, भिवापूरची मिरची, वायगावची हळद, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ या साऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहेच. मुंबईत २०१५ साली 'द बॉम्बे कॅन्टीन' आणि पुढच्याच वर्षी 'मास्क' ही रेस्टॉरंट्स सुरू झाली. देशी जिन्नस हीच त्यांची ओळख ठरली. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. तेव्हापासून नाचणी-वरईलाही महागड्या ताटात मान मिळू लागला.

याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. मात्र नाचणीचा पिझ्झा करणं सोपं, ज्वारीची भाकरी वाढणं अवघड. ज्वारीत ग्लुटेन नसतं. त्यामुळे पीठ गरम पाण्यात भिजवून चांगलं मळावं लागतं, भाकरी हातानं थापावी लागते आणि फुगली की लगेच पानात पडावी लागते. हे कसब शिकायला वर्षं जातात, आणि आजही ते बहुतांशी बायकांच्याच हातात आहे. या बायकांना हॉटेलात 'मदतनीस' म्हणून ठेवलं जातं, हे आम्हाला सलतं. पाव भाजणारा जर बेकर, तर भाकरी करणारीही शेफच! तिला तसाच हुद्दा आणि तसाच पगार द्या.

आणि मेन्यूवर मंगळवेढा छापणार असाल, तर ज्वारी तिथल्याच शेतकऱ्याकडून घ्या, रास्त भावानं.